भाडे ५० किलोमीटरचे, दिवस सगळा रांगेत

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीपासून न्हावा शेवा बंदर ५० किलोमीटरच्या आसपास आहे. रस्ता मोकळा मिळाला तर भरलेली गाडी दोन तासांत पोहोचावी. तरीही या एका फेरीसाठी पहाटे फजरच्या आधी निघालेला ड्रायव्हर पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच घरी येतो. शेजारी म्हणतात, "जवळचीच तर लाईन आहे, रोज घरी असतील." घरच्यांना मात्र खरे काय ते ठाऊक असते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे माल हलला तरच हलतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या लष्करी छावणीतून १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव पुढे आले; पत्ता मात्र आजही कॅम्प नंबरनेच सांगितला जातो. तिथले फर्निचर, कपडा आणि जीन्स टेम्पोवर किंवा छोट्या हत्तीवर लादले जातात. जीन्सचे कापड तर शिलाई, धुलाई, पॅकिंग असे एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात फिरत राहते आणि दर वेळी कुणीतरी ते वाहून नेतो. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांचा माल आयशर, ट्रेलर नाहीतर रसायनांच्या टँकरमधून भिवंडीच्या गोदामांकडे, तळोजाला आणि बंदराकडे जातो. या गाड्यांच्या स्टिअरिंगवर आपल्या घरांतले कितीतरी हात आहेत.

या कामाचा मोठा भाग म्हणजे थांबणे. कारखान्याच्या गेटवर नोंद करायची, नंबर लागेपर्यंत बाहेर उभे राहायचे, मग वजनकाटा, माल भरणे, पुन्हा काटा, बिल्टी आणि ई-वे बिल. हमालांची जेवणाची सुट्टी मध्ये आली तर तासभर गेलाच. काटई नाक्याकडे निघावे तर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड वाहनांवर बंदी, म्हणून गाडी कडेला. शिळफाट्याची कोंडी वेगळीच, आणि ती ओलांडली की बंदराची रांग. ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे एवढ्या जवळच्या फेरीला एकच दिवस. कागदाला घड्याळ आहे, माणसाला नाही.

अनेक ठिकाणी मजुरी फेरीवर ठरते. गाडी फिरली तर पैसे. उभी राहिली तर चहा स्वतःच्या खिशातून. कंपनीकडून ट्रान्सपोर्टरला हॉल्टिंगचे पैसे मिळाले, तरी ते ड्रायव्हरपर्यंत क्वचितच उतरतात. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती असा हिशेब घालून दिला. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. दोन गाड्यांचा मालक त्यातून सुटला. आणि त्याच कायद्यातली कामाच्या तासांची व्याख्या पाहा. टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा वेळ १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तर तो त्यात धरलेला आहे. सहा तासांच्या रांगेला ही व्याख्या कशी पुरणार?

थांबणे म्हणजे आराम, असे ज्यांना वाटते त्यांनी मे महिन्यात केबिनमध्ये तासभर बसून पाहावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हे चांगलेच झाले. पण रस्त्यावर जुन्या गाड्याच अधिक, आणि रांगेत डिझेल वाचवायला इंजिन बंद ठेवावे लागते. डोळा लागला तर नंबर जातो. लघवीला जायची सोय नाही म्हणून कित्येक जण पाणीच कमी पितात. अशा रात्रीनंतर पुन्हा स्टिअरिंग धरायचे.

दीनच्या बाबतीतही हा माणूस मधल्यामध्ये अडकतो. कस्र नमाजची सवलत मुसाफिराला आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक उलेमा त्यासाठी साधारण ७७ ते ८० किलोमीटरचे अंतर धरतात. बंदराची फेरी तेवढी भरत नाही. म्हणजे घराबाहेर वीस तास काढूनही तो मुसाफिर नाही. सीटमागे मुसल्ला, वुजूसाठी पाण्याची बाटली आणि रमजानमध्ये डॅशबोर्डवर खजूर ठेवून तो निभावून नेतो. जुम्याला गाडी गेटच्या आत असेल तर काय करावे, हे आपल्या मसलकाच्या आलिमांना आधीच विचारून ठेवलेले बरे.

घरातल्या माणसांना अपघाताची भीती सतत असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, बेदरकार गाडी चालवून मृत्यू घडवला आणि पोलिसांना न कळवता पळून गेला, तर १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रकचालकांनी चक्का जाम केला. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवले गेले. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ मात्र जुनेच आहे: जखमीला उपचार मिळवून द्या आणि पोलिसांना कळवा. जमाव अंगावर येत असेल तर जीव वाचवायला तिथून निघता येते, पण २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात माहिती द्यावीच लागते. हे बायको-मुलांनाही माहीत हवे, कारण अशा वेळी पहिला फोन घरीच येतो.

एक गोष्ट आम्हाला टोचते. टेम्पोचे मालक, ट्रान्सपोर्टर, गोदामवाले यांच्यातही आपले बांधव आहेत. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद त्यांना तोंडपाठ असते. रांगेत गळालेला घाम त्यांच्या हिशेबात येत नाही. फेरीचे भाडे ठरवतानाच दोन-तीन तासांपलीकडच्या थांब्याचा दर ठरवून तो बिल्टीवर लिहिला, तर त्यासाठी कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

तोवर हिशेब घरातच ठेवता येतो. शाळेत जाणारी मुलगी वहीत तारीख, ठिकाण, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहू शकते. महिन्याअखेरीस अब्बा मालकाशी बोलायला जातील तेव्हा हातात ती वही असावी. बहुतेक गेटपासवर दोन्ही वेळा असतातच. कागद जमा करण्याआधी त्याचा फोटो काढून घरी पाठवायचा, एवढेच काम.