पाणथरी वाचवताना

हरसूलहून त्र्यंबकमार्गे नाशिकला जाताना मोटारसायकल घसरली आणि हँडल डाव्या बरगडीखाली बसलं, तर वरून कधी खरचटलेलंही दिसत नाही. पण आत पाणथरी (प्लीहा) फाटलेली असू शकते. डाव्या खांद्यात उठणारी कळ ही त्याचीच खूण असू शकते; ती बाम चोळून दाबू नये.

पूर्वी अशी पाणथरी सरळ काढून टाकत. ती काढलेल्या तान्ह्या मुलांना जीवघेणा जंतुसंसर्ग होतो, हे किंग आणि शूमाकर या शल्यविशारदांनी १९५२ साली मांडलं. पुढे शल्यविशारदांचा हात आखडला. आता रुग्ण स्थिर असेल तर नुसती नजर ठेवतात, किंवा धमनीत बारीक गुंडाळी सोडून रक्त थांबवतात. शिवणं अवघडच: अवयव इतका मऊ, की टाका ओढताच चिरतो. म्हणून टाक्याखाली पट्टी ठेवतात, किंवा विरघळणाऱ्या जाळीत पाणथरी आवळून गुंडाळतात. रक्तदाब ढासळत असेल तर मात्र ती काढणंच बरं. मग न्यूमोकोकसची लस चुकवायची नाही.