पिल्लू अडले आहे की थांबले आहे?

आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाने दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एक उबवणी पेटी तयार केली. साहित्य अगदी साधे होते : थर्मोकोलचे खोके, २५ वॉटचे दोन दिवे, तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट, जुन्या संगणकातला पंखा आणि पाण्याची पसरट बशी. एका विद्यार्थ्याच्या आजीकडून बदकाची बारा अंडी आणली. सव्विसाव्या दिवशी संध्याकाळी एका अंड्यावर चांदणीसारखा बारीक तडा दिसला. आतून पिल्लाचा ‘पी-पी’ असा आवाजही ऐकू येत होता. मुलांच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली, तरी तडा तेवढाच! अठरा तास उलटून गेले होते. पिल्लाचा आवाज मधूनमधून येई आणि पुन्हा बंद पडे. “सर, ते अडकलंय. आपण काही केलं नाही तर मरेल ना?” एका मुलाने विचारले. माझ्याही मनाचा धीर सुटला. मी चिमटा घेतला आणि कवचाचे तुकडे हलकेच काढू लागलो. तिसऱ्या-चौथ्या तुकड्याबरोबर आतला पापुद्रा फाटला आणि लाल रक्ताची एक रेघ उमटली. रक्त थोडेच होते, पण ते थांबेना. संध्याकाळपर्यंत पिल्लू मेले.

चूक माझी होती. ते पिल्लू अडलेले नव्हते. ते थांबलेले होते. या दोहोंतला फरक मला त्या दिवशी ठाऊक नव्हता. तो फरक समजून घेण्यासाठी त्या अठरा तासांत अंड्याच्या आत काय चालले होते, हे पाहावयास हवे.

अंड्याचा श्वासोच्छ्वास

अंड्याचे कवच आपल्याला घट्ट बंद वाटते, पण तसे ते नसते. कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. या छिद्रांतून प्राणवायू आत जातो. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. येथे हवा ओढून घेणारा भाता नाही की फुप्फुस नाही. वायूचे रेणू जेथे दाट आहेत तेथून विरळ जागेकडे आपोआप पसरतात, एवढ्यावरच सारे काम चालते. यालाच आपण विसरण म्हणतो. विसरणाचा नियम अॅडॉल्फ फिक याने १८५५ साली मांडला. तो पक्ष्यांच्या अंड्यांना कसा लागू पडतो, हे हर्मन रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मोजमापे घेऊन दाखवून दिले.

त्यांचे आकडे मोठे बोलके आहेत. कोंबडीचे ६० ग्रॅमचे अंडे २१ दिवसांत सुमारे ६ लिटर प्राणवायू घेते, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते आणि ११ लिटर पाण्याची वाफ गमावते. ११ लिटर वाफ म्हणजे पाणी किती? १८ ग्रॅम पाण्याची वाफ प्रमाण स्थितीत २२.४ लिटर जागा व्यापते, असे धरून गणित करा. उत्तर सुमारे ९ ग्रॅम येईल. म्हणजे अंड्याचे वजन जवळजवळ १५ टक्क्यांनी घटते!

हे नुकसान नव्हे, ती गरज आहे. पाणी गेल्याने जी जागा मोकळी होते, तेथे हवा शिरते आणि अंड्याच्या जाड टोकाशी वायुकोश तयार होतो. अंधारात अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरले, तर हा वायुकोश स्पष्ट दिसतो. पुढे पिल्लाचा पहिला श्वास याच हवेतला असतो.

बदकाचे अंडे उबायला २८ दिवस लागतात. (मस्कोव्ही जातीच्या बदकाला मात्र सुमारे ३५ दिवस लागतात.) पंखा असलेल्या पेटीत तापमान ३७.५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता साधारण ५५ टक्के ठेवतात. अशा स्थितीत ७० ग्रॅमचे अंडे पंचविसाव्या दिवसापर्यंत सुमारे ९ ग्रॅमने हलके व्हावे. घट फार कमी झाली, तर वायुकोश लहान राहतो आणि पिल्लाला हवा अपुरी पडते. घट फार झाली, तर आतले पापुद्रे सुकून पिल्लाला चिकटू लागतात. म्हणून साधा तराजू हे उबवणीतील फार मोलाचे उपकरण आहे.

दोन तडे आणि मधला मुक्काम

आता शेवटच्या तीन दिवसांकडे वळू. अंड्याच्या कवचाला आतून लागून रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असलेला एक पापुद्रा असतो. तोवर पिल्लाचे फुप्फुस म्हणजे हाच पापुद्रा. पण छिद्रे वाढत नाहीत आणि पिल्लू मात्र वाढत असते. अखेर अशी वेळ येते की छिद्रांतून येणारा प्राणवायू पुरत नाही. कोंबडीच्या अंड्यात या सुमारास वायुकोशातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ५ ते ६ टक्क्यांपर्यंत चढलेले असते. बाहेरच्या हवेत ते ०.०४ टक्क्यांच्या आसपास आहे, हे लक्षात घ्या. ही घुसमट म्हणजेच पिल्लाला मिळणारी सूचना! त्याच्या मानेचे स्नायू झटके देऊ लागतात आणि चोच वायुकोशाच्या पडद्यातून आरपार जाते. हा पहिला तडा आपल्याला बाहेरून दिसत नाही. पिल्लू येथे प्रथमच फुप्फुसाने श्वास घेते आणि त्याचा आवाज ऐकू येऊ लागतो.

वायुकोशातील हवा फार काळ पुरणारी नसते. काही तासांनी, कधी एक दिवसाने, पिल्लू चोचीच्या टोकावरील अंडदंत नावाच्या टणक उंचवट्याने कवचावर आघात करते. हा दुसरा तडा आपण पाहतो आणि आपल्याला वाटते, ‘आता बाहेर येणार!’

पण नेमके येथेच पिल्लू थांबते. बदकांत हा मुक्काम २४ तासांचा, कित्येकदा ४८ तासांपर्यंतचा असतो. या काळात दोन महत्त्वाची कामे उरकायची असतात. कवचालगतच्या रक्तवाहिन्यांतले रक्त हळूहळू पिल्लाच्या शरीरात परत येते आणि त्या वाहिन्या रिकाम्या होऊन सुकतात. शिवाय उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जातो. ही त्याची शिदोरी. तिच्या बळावर जन्मानंतरही साधारण दोन दिवस पिल्लू अन्नावाचून राहू शकते.

ही कामे झाली, की पिल्लू आत फिरू लागते. जाड टोकाकडून पाहिले तर बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ते फिरते, कवच गोलाकार कापत जाते आणि टोपण ढकलून बाहेर पडते. या शेवटच्या टप्प्याला फार वेळ लागत नाही.

मी चिमटा घेतला तेव्हा अठरा तास झाले होते. वाहिन्या अजून रक्ताने भरलेल्या होत्या. एखाद्याच्या छातीत हात घालावा, तसेच मी केले होते.

झाकण उघडण्याचे गणित

आजीला ही हकिकत सांगितली, तेव्हा ती हसून म्हणाली, “मास्तर, मी बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवते. शेवटचे दोन दिवस ती जागची हलत नाही. तुम्ही मात्र तासातासाला झाकण उघडता!”

आजीच्या बोलण्यामागे भौतिकशास्त्र आहे. ३७.५ अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४५ ग्रॅम वाफ मावते. शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता निदान ७० टक्के लागते, म्हणजे दर घनमीटरला साडेएकतीस ग्रॅम वाफ. आता झाकण उघडले आणि खोलीतली हवा आत आली. खोलीचे तापमान २५ अंश आणि आर्द्रता ५० टक्के आहे असे समजा. २५ अंशाला हवेत फार तर २३ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे आपल्या हवेत साडेअकरा ग्रॅमच आहे. हीच हवा पेटीत तापून ३७.५ अंशावर गेली, की तिची सापेक्ष आर्द्रता किती होईल? साडेअकराला ४५ ने भागा. उत्तर येते फक्त २६ टक्के!

अशा कोरड्या हवेत, तडा गेलेल्या जागेतून पापुद्रा भराभर सुकतो, चिवट होतो आणि पिल्लाच्या पिसांना गोंदासारखा चिकटतो. मग पिल्लाला फिरताच येत नाही. म्हणजे जे पिल्लू केवळ थांबलेले होते, ते आपल्या उत्सुकतेमुळे खरोखरच अडते.

मग मदत करावी की नाही?

कोशातून फुलपाखराला बाहेर काढणाऱ्या मुलाची बोधकथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यावरून काही जण म्हणतात, ‘निसर्गात ढवळाढवळ नको, दुबळे पिल्लू मरायचेच.’ मला हे पटत नाही. उबवणी पेटी ही मुळातच आपली ढवळाढवळ आहे. पेटीची आर्द्रता चुकली, तर तो दोष आपला आहे, पिल्लाच्या दुबळेपणाचा नव्हे. तेव्हा प्रश्न मदत करावी की नाही हा नसून, केव्हा आणि किती करावी, हा आहे.

थांबण्याची लक्षणे अशी : तड्यातून दिसणारा पापुद्रा पांढरा व ओलसर आहे, श्वास नियमित आहे, हाकेला पिल्लू आवाज देते, किंवा चघळल्यासारखी चोच हलवते. अशा वेळी २४ तास झाले तरी हात लावू नये.

अडल्याची लक्षणे पुढीलप्रमाणे :

(१) आवाज सुरू होऊन २४ तासांहून अधिक काळ लोटला, कवचाला तडा नाही आणि आवाज क्षीण होत चालला आहे.

(२) पापुद्रा पिवळसर-तपकिरी, कागदासारखा कोरडा झाला आहे.

(३) कवच थोडे गोल कापून झाले, पण नंतर कित्येक तास काम पुढे सरकलेले नाही.

(४) तडा निमुळत्या टोकाशी आहे. तेथे वायुकोश नसतो; म्हणून अशा अंड्यावर विशेष लक्ष ठेवावे.

(५) बाहेरचा तडा जाऊन ४८ तास उलटले आहेत.

मदत करताना हात स्वच्छ धुवावेत. पहिल्या प्रकारात वायुकोशाच्या वरच्या भागात टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पाडले, की श्वासापुरती हवा मिळते. इतर वेळी फक्त वायुकोशावरचे कवच थोडे थोडे काढावे. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पापुद्रा ओला करावा. नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नये. पापुद्रा ओला झाला, की तो अर्धपारदर्शक होतो आणि वाहिन्या दिसू लागतात. त्या लाल, भरलेल्या असतील, तर लगेच थांबावे आणि अंडे पेटीत ठेवून चार-पाच तासांनी पुन्हा पाहावे. त्या रिकाम्या असतील, तरच डोके मोकळे करावे. खालचा अर्धा भाग पिल्लावरच सोपवावा, कारण बलक आत गेला आहे की नाही, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.

दुसरी खेप

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा नऊ अंडी ठेवली. दर तीन दिवसांनी वजने घेतली. पेटीत ओल्या फडक्याचा तापमापक बसवला. शेवटच्या दिवसांत त्यावर ३३ अंश दिसले पाहिजेत, असे कोष्टकावरून काढले. तेव्हा आर्द्रता ७० टक्क्यांच्या थोडी वर असते. झाकणाला काच लावली आणि ते उघडायचे नाही, असा नियम केला.

सात पिल्ले आपली आपण बाहेर आली. एक अंडे तडा न जाताच राहिले. नवव्या अंड्याचे पिल्लू एक-तृतीयांश कवच कापून थांबले. आधी जन्मलेली पिल्ले काढून घेताना झाकण बराच वेळ उघडे राहिले होते. दहा तास काहीच हालचाल झाली नाही. पापुद्रा तपकिरी झाला. हे अडलेले होते.

रात्री नऊ वाजता पापुद्रा ओला केला. एका कडेला लाल वाहिनी दिसली. त्याच मुलाने या वेळी माझा हात धरला आणि म्हणाला, “सर, थांबा.” आम्ही पाच तास थांबलो. दोन वाजता पुन्हा पाहिले, तेव्हा वाहिनी फिकट झाली होती. चिकटलेला पापुद्रा सोडवून डोके मोकळे केले आणि झाकण लावले. पहाटे पावणेचारला पिल्लाने पाय झाडून उरलेले कवच स्वतःच दूर केले. आठवडाभर ते एका पायाने अडखळत होते. पुढे नीट चालू लागले. आठही पिल्ले आता आजीच्या तळ्यात आहेत.

विद्यार्थी मित्रहो, हा प्रयोग करावयाचा असेल, तर पिल्ले पुढे कोठे राहणार हे आधी ठरवा. अंडी त्यानंतर आणा. पिल्लांना हाताळल्यावर हात साबणाने धुवा, कारण त्यांच्यापासून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. आणि चिमट्याच्या आधी घड्याळ, तराजू आणि तापमापक हाती घ्या. आमच्या वहीत नवव्या अंड्यासमोर तासातासाच्या नोंदी आहेत. पहिल्या खेपेच्या त्या अंड्यासमोर मात्र एकच नोंद आहे : ‘अठरा तास.’ ती आम्ही खोडलेली नाही.