उन्हाला बटण नसतं

औंढा नागनाथचं नाव विज्ञानाच्या बातम्यांत आलं ते लायगो-इंडियामुळे. 6 एप्रिल 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या या वेधशाळेला मंजुरी दिली आणि चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा याच तालुक्यात उभ्या राहणार हे पक्कं झालं. त्याच तालुक्याच्या शिवारांत आणखी एक तंत्र आलं आहे. तेही तितक्याच बारकाईने पाहायला हवं. ते म्हणजे सौर कृषिपंप.

'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याने किमतीचा 10 टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 एचपीचा पंप, पाच एकरांपर्यंत 5 एचपीचा, त्यापुढे साडेसातचा. हळदीला पाणी द्यायला रात्री लाईट येण्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला दिवसाच्या पाण्याचं मोल सांगावं लागत नाही. म्हणूनच हे पंप नीट बसायला हवेत आणि वर्षानुवर्षं चालायला हवेत.

प्लेटा किती वॉटच्या, कोणत्या कंपनीच्या, हे सगळे विचारतात. प्लेट आणि मोटर यांच्यामधल्या वायरी, जोड, स्विच आणि अर्थिंग यांची चौकशी फारसं कोणी करत नाही. अडचण तिथेच आहे, कारण गावाकडच्या वायरमनचा हात डीपीवरून येणाऱ्या विजेवर बसलेला असतो आणि प्लेटेतून येणारी वीज त्या सवयींना जुमानत नाही.

5 एचपीच्या पंपाचं उदाहरण घेऊ. 540 वॉटच्या नऊ प्लेटा एकापुढे एक जोडल्या की त्यांच्या माळेच्या दोन टोकांमध्ये सुमारे 450 व्होल्ट उभे राहतात, आणि तेही एकदिश विजेचे. डीपीवर फ्यूज काढला की पुढची तार मेली, हे वायरमनला ठाऊक असतं. इथे काढायला काहीच नाही. ऊन आहे तोवर माळ जिवंत आहे. कंट्रोलरचा स्विच बंद केला तरी स्विचच्या अलीकडची वायर, म्हणजे प्लेटांच्या बाजूची, तितकीच घातक राहते. त्यामुळे काम करताना आधी माळ मधूनच तोडून तिचे लहान तुकडे करायचे, हातमोजे घालायचे आणि मीटरने तपासल्याशिवाय उघड्या टोकाला हात लावायचा नाही.

दुसरी सवय फ्यूजवर विसंबण्याची. डीपीच्या लाईनवर दोन तारा चिकटल्या की शेकडो अँपिअरचा लोंढा येतो, फ्यूज उडतो आणि अनर्थ टळतो. प्लेट असा लोंढा सोडूच शकत नाही. तिच्यातला प्रवाह तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाने ठरतो. चालताना ती सुमारे 13 अँपिअर देते, आणि दोन्ही टोकं थेट एकमेकांना लावली तरी जेमतेम 14. एकाच माळेत फ्यूजला हा फरक कळतच नाही. तो शांत राहतो आणि बिघाड चालू राहतो.

आता यात एक ढिला जोड धरा. वायरीचं टोक नीट क्रिम्प न करता पक्कडीने दाबलेलं आहे, किंवा एका कंपनीच्या कनेक्टरमध्ये दुसऱ्या कंपनीचा, दिसायला सारखा कनेक्टर घुसवला आहे. त्या जोडाचा रोध अर्धा ओहम झाला तर 13 अँपिअरला तिथे सुमारे साडेसहा व्होल्ट खर्च होतात. माळेच्या शेकडो व्होल्टांतले साडेसहा गेले तर पंपाच्या पाण्यात काही फरक दिसत नाही. पण त्या नखाएवढ्या जागेत सुमारे 84 वॉट उष्णता साठत जाते. सोल्डरिंगची इस्त्री बहुधा याहून कमी वॉटची असते. प्लास्टिक वितळतं, फट पडते आणि फटीत ठिणगी पेटते.

घरातली प्रत्यावर्ती वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, तेव्हा ठिणगीला विझायची संधी मिळते. एकदिश वीज शून्यावर येतच नाही, त्यामुळे ही ठिणगी कमान होऊन जळत राहते आणि तिचं तापमान हजारो अंशांवर जातं. घरचा साधा एमसीबी सौर माळेवर बसवणं म्हणूनच धोक्याचं. तिथे डीसीसाठीच बनवलेला स्विच हवा, आणि त्यावर धन-ऋण खुणा असतील तर त्याप्रमाणेच जोडायला हवा. पंप चालू असताना कनेक्टर ओढून काढणं तर कधीच नको.

सावलीबाबतही समज अपुरी आहे. माळेतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे एका प्लेटेवरची सावली सगळ्यांना अडवू शकते. ते टाळण्यासाठी प्लेटेत बायपास डायोड असतात, पण ते झाकलेला भाग वगळून पुढे जातात, तेवढी वीज बुडतेच. प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून, साधारण वीस अंश कलवून लावतात, म्हणून झाडही दक्षिणेचंच पाहिलं जातं. पण औंढा साडेएकोणीस अक्षांशावर आहे. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य इथे पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारीही माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. ईशान्येच्या बांधावरचं कडुलिंब उन्हाळ्यात सकाळचं पाणी खातं.

उन्हाळ्यात आणखी एक वाटा जातो. प्लेटेवरचा वॉटचा आकडा 25 अंशांना मोजलेला असतो. मे महिन्यात तिचं अंग 65 अंशांच्या पुढे जातं आणि दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते, म्हणजे सुमारे 15 टक्के गेलेच. थंडीत उलट होतं. पारा 10 अंशांवर असताना माळेचे व्होल्ट चार टक्क्यांनी चढतात. कंट्रोलरची मर्यादा काठावर धरून प्लेटा वाढवल्या असतील तर तो जळण्याची भीती उन्हाळ्यापेक्षा डिसेंबरच्या सकाळी अधिक.

आणि मग आपली काळी जमीन. ओल धरलेली काळी माती अर्थिंगला उत्तम, कारण तिच्यातली चिकणमाती पाणी आणि क्षार धरून ठेवते. अर्थिंगच्या सळईभोवती खड्ड्यात ओततात त्या बेंटोनाइटमध्येही मुख्यतः याच जातीचं खनिज असतं. पण एप्रिल-मेमध्ये ही जमीन भेगाळते, सळईपासून सुटते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. मराठवाड्यात अवकाळी विजा कडाडतात त्या नेमक्या याच दिवसांत. तेव्हा सळई वरच्या थरात न संपवता खालच्या ओलाव्यापर्यंत न्यायला हवी, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायला हवं, आणि लाट रोखणारं सर्ज संरक्षक उपकरण कंट्रोलरच्या अगदी जवळ हवं. सांगाड्याचे पायही मुरमापर्यंत जायला हवेत. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीत उथळ पाया हलतो, सांगाडा कलतो आणि वादळात प्लेटांना ताण बसतो.

एक बिघाड मात्र फुकटात दुरुस्त होतो. थ्री-फेज मोटरच्या तीन वायरींपैकी दोन उलट लागल्या तर मोटर उलटी फिरते. पंप पाणी देतो, पण बरंच कमी, आणि दोष सौरऊर्जेच्या माथी जातो. कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की पाणी पूर्ववत.

हे सगळं शिकवता येतं. आयटीआयमध्ये सौर तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम आहे, राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचं 'सूर्यमित्र' प्रशिक्षणही आहे. गावातल्या वायरमनला त्यात बसवलं तर दुरुस्तीसाठी दूरच्या माणसाची वाट पाहावी लागणार नाही. आणि जोडणी झाल्याच्या दिवशी शेतकऱ्याने चार आकडे मागून घ्यावेत: माळेचे व्होल्ट, भर उन्हातला प्रवाह, वायरींचा मेगरने मोजलेला इन्सुलेशन रोध आणि अर्थिंगचा रोध. ते तारखेसह कंट्रोलरच्या दाराच्या आत लिहून ठेवावेत. दोन वर्षांनी पाणी कमी झालं की नव्या मापाशेजारी हेच आकडे ठेवायचे. दोष प्लेटेत आहे, जोडात आहे की जमिनीत, हे तिथूनच शोधायला सुरुवात होते.