अपील झालं, पण ‘स्टे’ घेतला का?

दुपारची वेळ. मुलं शाळेत, ‘हे’ कामावर, आपण नुकत्याच चार घास खाऊन जरा टेकलेल्या. तेवढ्यात कडी वाजते. दारात दोन कर्मचारी, हातात कागद. “बाई, जागा खाली करा. हुकूम आहे.” आपण म्हणतो, “अहो, पण आमचं अपील चालू आहे ना!” त्यावर समोरून शांतपणे प्रश्न येतो, “ते असेल. स्टे आहे का?”

आणि आपल्याला उत्तर देता येत नाही. कारण कोर्टाचे कागद म्हणजे पुरुषांचं काम, असं आपण ठरवून टाकलेलं! पण मैत्रिणींनो, जागा खाली करायला माणसं येतात तेव्हा घरात बहुधा आपणच असतो. धाराशिवचं सरकारी क्वार्टर असो, नगरपालिकेची खोली असो की म्हाडाचा गाळा असो, डबेबाटल्या रस्त्यावर आल्या तर त्या उचलायच्या आपल्यालाच. म्हणून ही गोष्ट स्वयंपाकघरातल्या गोष्टींइतकीच आपल्याला ठाऊक हवी.

अपील वेगळं, स्थगिती वेगळी

पुष्कळांचा समज असा की वरच्या कोर्टात अपील दाखल केलं की खालचा हुकूम आपोआप थांबतो. तसं नाही. दिवाणी कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे, की नुसत्या अपिलाने हुकमाची अंमलबजावणी थांबत नाही. त्यासाठी अपिलाबरोबर स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. जागा खाली करण्याचा हुकूम सरकारी अधिकाऱ्याने काढलेला असला, तरी अपिलात स्थगिती मागायला विसरू नये.

कोर्ट तीन गोष्टी बघतं. हुकूम आजच अमलात आला तर अर्जदाराचं मोठं नुकसान होईल का? अर्ज विनाकारण उशिरा आला का? आणि पुढे हरलो तर हुकूम पाळू, अशी हमी द्यायची तयारी आहे का? यात चुकीचं काही नाही. उद्या अपील जिंकलं आणि तोवर घरात दुसरं बिऱ्हाड येऊन बसलं, तर त्या जिंकण्याचं करायचं काय?

१९८१ चा पावसाळा

आपल्या भागाला ही गोष्ट परकी नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं मुंबईच्या वाटेला लागली. मिळेल तिथे, झोपडपट्टीत नाहीतर फुटपाथवर, त्यांनी चुली मांडल्या. १३ जुलै १९८१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी जाहीर केलं, की फुटपाथवरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांना हलवून ज्याच्या त्याच्या गावी पाठवायचं. तेही भर पावसात!

लोक हायकोर्टात गेले. पार्ल्याजवळच्या कामराजनगरच्या झोपड्यांना तात्पुरती मनाई मिळाली. २१ जुलैला, १५ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या पाडणार नाही, असं कोर्टापुढे कबूल करण्यात आलं. तरीही २३ जुलैला आपल्याला एसटीच्या गाड्यांत कोंबून बाहेर धाडलं, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. त्या प्रवासात दोन बाळं जन्मली आणि दोन जीव गेले, हेही त्यांचं म्हणणं सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात नोंदलेलं आहे. बाळंतपण आणि तेही चालत्या गाडीत! वाचताना अंगावर काटा येतो.

पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने गाजलेल्या या खटल्याचा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं, की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. फुटपाथवर कायमचं राहण्याचा हक्क मात्र कोर्टाने दिला नाही. पण पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या हलवू नका, असा आदेश दिला. हरणाऱ्यालाही पावसात बाहेर काढू नये, एवढी माणुसकी त्या तारखेत होती.

आपण काय करायचं?

नोटीस घ्यायची टाळू नका. घ्या आणि मिळाल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा. दिवाणी कोर्टाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. इतर हुकमांना मुदत याहून कमी असू शकते. म्हणून त्याच दिवशी वकिलाला गाठा.

भाडं थकवू नका. कार्यालय घेत नसेल तर कोर्टात भरण्याची परवानगी मागा. पावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे हे घरात दोघांना तरी माहीत असू द्या.

स्थगिती मिळाली की तिची सही-शिक्क्याची नक्कल त्या कार्यालयात देऊन पोच घ्या. एक प्रत घरात, हाताशी. आणि स्थगिती कोणत्या तारखेपर्यंत आहे हे कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारीच, लिहून ठेवा! तारीख उलटली आणि मुदत वाढवून घेतली नाही, तर कागद निरुपयोगी.

बांधकाम पाडण्याची नोटीस असेल तर आणखी एक आधार आहे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार आधी १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि अंतिम हुकमानंतरही १५ दिवस थांबावं लागतं. रस्ता, फुटपाथ, नदीपात्र अशा ठिकाणचं अतिक्रमण असेल किंवा कोर्टानेच पाडायला सांगितलं असेल, तर मात्र ही सवलत नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. तालुक्यालाही समिती असते.

स्थगिती म्हणजे जिंकणं नव्हे, हे मात्र लक्षात असू द्या. तो मिळालेला वेळ आहे. त्यात खटला नीट चालवा आणि दुसरीकडे जागाही बघून ठेवा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण चढावीच लागली, तर दारातल्या त्या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर हवं: “हो, स्टे आहे. ही घ्या नक्कल.”