सॅल्मन कशाला? गूळ-चिंचेतला कटला अर्ध्या तासात

कामावरून घरी यायला सात वाजतात. मुलांना भूक लागलेली असते आणि गॅस पेटवायचाही कंटाळा येतो. अशा वेळी वडापाव नाही तर नूडल्सचं पाकीट यावरच रात्र निघते. तेवढ्याच वेळात ताजा मासा ताटात येऊ शकतो, म्हणून यावेळी आम्ही माशाबद्दल लिहीत आहोत.

आपली मुलं मोबाइलवर ‘ग्लेझ्ड सॅल्मन’ बघतात आणि हे आपल्याकडे का होत नाही, असं विचारतात. सॅल्मन हा थंड समुद्रातला मासा. आपल्याकडे तो परदेशातून गोठवून येतो आणि त्याचा भाव मजुरीच्या पैशात बसत नाही. ‘ग्लेझ’ म्हणजे मात्र साधी गोष्ट आहे : आंबट-गोड रस आटवून माशावर चकचकीत थर चढवायचा. तिकडे त्यासाठी मध आणि सोया सॉस घेतात. आपल्याकडे गूळ आणि चिंच आहे.

मासाही आपल्याकडे आहे. नांदेडला गोदावरी आणि विष्णुपुरीचा जलाशय, लातूरकरांना मांजरा धरण. रहू, कटला, मरळ, चिलापी हे गोड्या पाण्यातले मासे बाजारात असतात. आंध्रातूनही रहू-कटला बर्फाच्या पेट्यांतून येतो. १०० ग्रॅम रहूत साधारण १७ ते २० ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय डाळ-भाकरीत न मिळणारं बी-१२ असतं. सॅल्मनमध्ये हृदयाला चांगली अशी ओमेगा-३ चरबी जास्त असते, हे खरं. पण बर्फातला बांगडा किंवा तारली मिळाली तर त्यांतही ती भरपूर असते.

घेताना बघा

कल्ले लाल हवेत आणि डोळे चमकदार, फुगीर हवेत. बोटानं दाबलं तर मांस लगेच वर यायला हवं. आंबूस वास आला तर घेऊ नका. घरात फ्रिज नसेल तर येताना घ्या आणि त्याच रात्री संपवा. आपल्या उन्हाळ्यात शिजवलेला मासाही सकाळपर्यंत टिकत नाही. लहान मुलांसाठी पोटाकडचे तुकडे मागा. त्यांत मोठे, सहज दिसणारे काटे असतात. शेपटीकडे बारीक काटे फार.

चौघांसाठी कृती

अर्धा किलो कटला किंवा रहू, बोटभर जाडीचे तुकडे. धुऊन मीठ, हळद, अर्धं लिंबू लावून दहा मिनिटं ठेवा. तोवर लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवून कोळ काढा. त्यात दोन सुपारीएवढा गूळ, ठेचलेल्या सहा-सात लसूण पाकळ्या, एक चमचा तिखट, थोडं जिरं आणि चिमूटभर मीठ कालवा.

तव्यावर दोन चमचे तेल तापवा. मध्यम आचेवर तुकडे एका बाजूनं चार-पाच मिनिटं भाजा, मग एकदाच उलटा. सारखे हलवले तर मोडतात. दुसरी बाजू भाजली की आच बारीक करून कोळ ओता आणि चमच्यानं तुकड्यांवर घालत राहा. दोन-तीन मिनिटांत रस घट्ट होऊन माशाला चिकटतो. गूळ लवकर करपतो, म्हणून तो शेवटी आणि मंद आचेवरच. मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटलं की मासा शिजला. वरून भाजलेले तीळ टाका. बरोबर ज्वारीची भाकरी, कांदा आणि लिंबाची फोड.

लोखंडी तवा असेल तर तोच वापरा. चिंचेमुळे रस काळपट दिसेल, पण तो बिघडलेला नसतो. तव्यातलं थोडं लोह अन्नात उतरतं, आणि ते आपल्याला हवंच आहे. फक्त मासा तव्यातच ठेवू नका, लगेच काढून घ्या.

मधुमेह असलेल्यांनी गूळ अर्धा करावा किंवा नुसत्या चिंचेवर करावं. रक्तदाब असलेल्यांनी खारवलेली सुकट-बोंबील रोज खाऊ नये. ताजा मासा बरा.

तुकडा कुणाच्या ताटात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० महिलांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. माशातलं लोह शरीर सहज घेतं, आणि मासा सोबत असला की भाकरी-भाजीतलं लोहही जास्त लागू पडतं. लिंबानंही तेच होतं. जेवणाबरोबर चहा घेतला की मात्र ते कमी होतं, म्हणून चहा तासाभरानं घ्या. नुसत्या माशानं रक्त भरून निघणार नाही. आशाताईंनी दिलेल्या गोळ्या घ्या, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

पण अनेक घरांत बाई सगळ्यांत शेवटी जेवते. तिच्या वाट्याला उरतो तो रस्सा आणि डोकं. समतेचा धम्म आपण स्वीकारला आहे, तर तो ताटातही दिसला पाहिजे. वाढण्याआधी तुकडे मोजा, आणि जिनं रांधलं तिचा तुकडा आधी बाजूला काढा. घरात गरोदर बाई किंवा वयात आलेली मुलगी असेल तर तिला पोटाकडचा तुकडा द्या.

बौद्धानं मासा खावा का, असंही काही जण विचारतात. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. तो भाग घरात वाचावा आणि ज्यानं त्यानं ठरवावं. वर्षावासात जे मासा-मटण सोडतात, त्यांच्या व्रताचा आदर आहेच. त्यांनी डाळ, अंडी चालत असतील तर अंडी, आणि जवसाची चटणी ताटात ठेवावी. जवसातही ओमेगा-३ असतं, मात्र शरीराला त्याचा उपयोग माशातल्याइतका होत नाही.

येत्या बाजारच्या दिवशी अर्धा किलो कटला आणा. तवा पुरुषांनी आणि मुलांनी हाती घेतला तरी चालतो. कृती अवघड नाही, आणि दमून आलेल्या बाईला त्या दिवशी पहिलं ताट मिळेल.

जय भीम.