परमुलखातील दिवाळी आणि काळ्या आईची आठवण

आश्विन लागला की मराठवाड्याच्या आभाळाचा रंग पालटतो. पावसाळी ढग पांगतात, मांजरा आणि गोदावरीच्या पाण्याचा गढूळपणा ओसरतो, सोयाबीनच्या शेंगा वाळून खुळखुळू लागतात आणि कारळा पिवळ्या फुलांनी डवरतो. शरदाचे हे आगमन लातूर-नांदेडकडच्या माणसास पंचांगातून कळावे लागत नाही. ते त्याच्या डोळ्यांना आणि हातांनाच कळते. म्हणूनच या मुलखातील माणूस पोटासाठी पुण्या-मुंबईस गेला, अथवा साता समुद्रांपलीकडे गेला, तरी सणासुदीच्या दिवसांत त्याचा जीव गावाकडे ओढ घेतो. त्याला नेमके काय आठवते, आणि त्यातले काय त्याच्या हाती लागत नाही, याचा विचार या दीपोत्सवाच्या निमित्ताने करावा, असे आम्हांस वाटते.

दिवाळीचे सीमोल्लंघन

दिवाळीने सीमोल्लंघन केले आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. लंडन येथील महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ सालची. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली उभे राहिले. अशा मंडळांतून आकाशकंदील लागतात, फराळाची ताटे सजतात, मुलेबाळे नवी वस्त्रे लेऊन नाटुकली करतात. न्यूयॉर्क शहरातील शाळांना दिवाळीची सुटी देणारा कायदा २०२३ साली झाला. चिवडा, शंकरपाळे, चकल्या हे टिकाऊ पदार्थ. ते डब्यात बसतात, विमानाने जातात आणि पंधरा दिवसांनीही कुरकुरीत राहतात.

परंतु तेथे सण पुष्कळदा तिथीस न येता शनिवार-रविवारी येतो. अमावास्येच्या अंधारासाठी लावावयाची पणती भलत्याच रात्री लागते. फराळ तोच, माणसेही आपलीच. तरी काहीतरी राहून गेल्याची रुखरुख उरते. ही रुखरुख कशाची, हे समजण्यासाठी गावाकडच्या सणांकडे पाहिले पाहिजे.

मातीने बांधलेले सण

भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. शेतीभातीच्या वाटण्या झाल्या, भाऊ चार गावी पांगले, तरी पुष्कळ घराण्यांत ज्येष्ठा-कनिष्ठांचे मुखवटे थोरल्या घरीच राहतात. सोळा भाज्या, पुरणपोळी आणि ज्वारीच्या पिठाची आंबील असा नैवेद्य त्या एकाच घरी होतो, आणि सुना-लेकी तेथेच जमतात. जी सून परदेशी आहे, तिला पुरणपोळी करता येत नाही असे नव्हे. ज्या देवघरापुढे ती ठेवावयाची, ते देवघर तिच्यापाशी नसते.

पुढे घटस्थापना. घटाखाली पसरावयाची माती आपल्या शेतातून आणावयाची, तीत धान्य पेरावयाचे आणि रोज कारळ्याच्या फुलांची माळ घटावर चढवावयाची. नऊ दिवसांत उगवलेले पिवळसर कोंब दसऱ्यास कर्त्या पुरुषाने पागोट्यात अथवा टोपीत खोचावयाचे. घरातल्या घरात केलेली ही पेरणीच होय. पुढे रब्बी पेरावयाची असते. तिचे शकुन येथे पाहिले जातात. कुंडीतील माती वापरून घट बसवता येतो, कोंबही येतात. परंतु त्या मातीत पुढच्या आठवड्यात काही पेरावयाचे नसते. नांदेड जिल्ह्यातील माहूरगडावर रेणुकामातेला विड्याचा कुटलेला तांबूल वाहतात. तो प्रसाद गडावर मिळतो तेव्हा ओला आणि सुगंधी असतो. त्यास फार लांबचा प्रवास सोसत नाही.

येळवस

या सर्वांहून अवघड गोष्ट वेळा अमावास्येची. मार्गशीर्षातील या सणास लातूर-धाराशिवकडे ‘येळवस’ म्हणतात, आणि लगतच्या नांदेडच्या काही भागांतही तो पाळला जातो. कर्नाटकातील एळ्ळ अमावास्येशी त्याचे नाते आहे. रब्बीची ज्वारी त्या वेळी उभी असते, हरभरा घाटे धरीत असतो. शेतात कडब्याची खोप करून तीत पांडवांची पूजा मांडतात. ओल्या तुरी, वालाचे दाणे, हरभरा आणि पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यात आंबवलेली आंबील हा तिचा थाट. ही आंबील पिकात शिंपडून काळ्या आईला तिचा वाटा देतात. आणि वाटसरू अनोळखी असला, तरी त्यास हाक मारून जेवावयास बसवतात. त्या दिवशी लातूर शहराच्या रस्त्यांवर शुकशुकाट असतो.

जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुटी जाहीर करतात. ती सुटी जिल्ह्याच्या सीमेपाशी संपते. न्यूयॉर्कच्या मुलांस दिवाळीची सुटी मिळते. पुण्यात नोकरी करणाऱ्या लातूरकरास येळवशीची मिळत नाही. त्याच्या शेजाऱ्यास तर हा सण ठाऊकच नसतो. दिवाळीस तो इतरांसह दूर असतो, येळवशीस तो एकटाच दूर असतो.

नांदेडचा दाखला

मग दूर गेलेल्याने काय करावे? याचे एक उत्तर नांदेडातच आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी येथे देह ठेवला, आणि पंजाबातून आलेली काही मंडळी गोदाकाठी राहिली. महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत, सचखंड श्री हुजूर साहिबची वास्तू उभी राहिली. येथील शिखांच्या अनेक पिढ्यांनी दसऱ्याचा हल्ला-महल्ला जपला, तसेच दिवाळीच्या सुमारास होणारे तख्तस्नानही जपले. त्या दिवशी भाविक गोदावरीचे पाणी घागरींतून आणतात आणि तख्त साहिब धुतात. पंजाबच्या नद्या दूर राहिल्या. म्हणून या मंडळींनी सण थांबवला नाही, तर समोरच्या नदीस आपल्या सणात घेतले. पंजाबचे सण असे तीनशे वर्षांत नांदेडचे झाले. सण परमुलखात टिकतो तो मूळ गावाची हुबेहूब नक्कल करून नव्हे, तर नव्या भूमीशी नाते जोडून, हाच त्याचा बोध. आपल्या परदेशस्थ मुलांनी तेथील मातीत घट बसवावा, तेथील हंगामाच्या भाज्यांची भज्जी करावी आणि शेजाऱ्यास हाक मारून जेवावयास बोलवावे. शिवार नसले, तरी ती हाक त्यांच्यापाशी आहे.

कोयत्याबरोबर गेलेली दिवाळी

परंतु परमुलूख म्हणजे केवळ परदेश नव्हे. मुखेड, कंधार, जळकोट या भागांतील वाड्या-तांड्यांवरून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. साखर कारखान्याचा हंगाम पंचांग पाहून थांबत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीपुढे पणती लागते, आणि पहाटे पुन्हा कोयता हाती घ्यावा लागतो. येळवस येते तेव्हाही ही माणसे दुसऱ्याच्याच रानात असतात.

बंजारा तांड्यांवर दिवाळीच्या रात्री कुमारिका हाती दिवे घेऊन घरोघर ‘मेरा’ मागतात, थोरामोठ्यांस ओवाळतात आणि दुसऱ्या दिवशी रानातून फुले वेचून आणतात. हा मान अविवाहित मुलींचाच. मायबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलीची मेऱ्याची एक रात्र हुकली, तर ती तिच्या मोजक्या वर्षांतून कायमची वजा होते. जी मुले आजी-आजोबांपाशी अथवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावी राहतात, त्यांच्या ताटात लाडू येतो, पण वाढणारा हात आईचा नसतो. परदेशस्थास निदान आवाज ऐकता येतो, तिकीट काढून येता येते. या माणसांस तीन-चारशे किलोमीटरांवरून येता येत नाही, कारण उचल फिटलेली नसते.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे आहे. या दिवाळीत दूरदेशीच्या लेकरांस फराळाचा डबा अवश्य धाडा. त्यासोबत आंबील कशी आंबवावी आणि भज्जीत काय काय घालावे, हेही वडीलधाऱ्यांच्या तोंडून लिहून धाडा, कारण हे ज्ञान बाजारात मिळत नाही. आणि शेजारच्या वाडीत वा तांड्यावर ज्या घराचे कर्ते हात फडावर गेले आहेत, त्या घरच्या मुलांस आपल्या पंगतीत बसवा. येळवशीच्या दिवशी आपण अनोळखी वाटसरूस बोलावून जेवू घालतो; ही मुले तर आपल्याच शिवारातली आहेत. ज्या गावास आपली पांगलेली माणसे आठवतात, त्या गावची दिवाळी उजळते. सर्व वाचकांस, जवळच्या आणि दूरच्या, हा दीपोत्सव सुखाचा जावो.