गाडीने हवा धरली!

सुपे नावाचे गाव एकच नाही. शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे ते बारामतीकडचे. मी सांगतो ते पारनेर तालुक्यातले, पुणे-नगर रस्त्यावरचे सुपा. मराठी शिकवणाऱ्या माणसाचे तिथे रात्री अकरा वाजता कांद्याच्या ट्रकपाशी काय काम, असे वाचक विचारतील. मेहुण्यांचा कांदा पहाटे पुण्याला गुलटेकडीच्या बाजारात पोहोचवायचा होता, आणि सोबत म्हणून मी बसलो होतो, इतकेच.

जेवण उरकून निघालो, तर जुना ट्रक सुरूच होईना. सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरे, पण पेट घेईना. ड्रायव्हरमामांनी निदान सांगून टाकले, "पंप गेला." डिझेलचा मोठा पंप उतरवायचा म्हणजे दोन दिवस आणि हजारोंचा खर्च! मेहुण्यांचा चेहरा पडला. वर्षाची मेहनत त्या गोण्यांत होती.

शेजारच्या गॅरेजातले वयस्कर मिस्त्री उठून आले. पान्याला हात न लावता म्हणाले, "मामा, सेल्फ मारा," आणि स्वतः सायलेन्सरच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

"धूर नाही. म्हणजे तेल आत जातच नाही."

इंजिन जोमाने फिरत होते, तेव्हा बॅटरीचा प्रश्न नव्हता. टाकीत काठी बुडवून तेल पाहिले. इंजिन बंद करण्याची तार अडकलेली नाही, हेही पाहिले. मग खरा प्रश्न आला, "गाडीला शेवटचा पाना कधी लागला?"

"तीन दिवसांमागं जाळी धुतली."

मिस्त्री नुसते हसले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डीझेलने 1897 मध्ये यशस्वी करून दाखवलेल्या या इंजिनात हवाच इतकी दाबतात की तिच्या उष्णतेने तेल पेटते. ते तेल आत फवारायला जबर दाब हवा. जर्मनीच्या बॉश कंपनीने 1927 मध्ये अशा पंपांचे मोठे उत्पादन सुरू केले. जुन्या ट्रकांत त्याच जातीचे पंप दिसतात. नोझल उघडायला चौरस सेंटिमीटरला 200 किलोच्या आसपास दाब लागतो. तेल जवळजवळ दबत नाही, म्हणून दाब नोझलपर्यंत पोहोचतो. नळीत हवा शिरली, की पंप तिलाच दाबत बसतो आणि नोझल ढिम्म हलत नाही.

मिस्त्रींनी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायला घेतला. फेसाळ तेल आले. फेस थांबेचना! "हवा फीड पंपाच्या अलीकडनंच येतीय," ते म्हणाले. टाकीकडून येणाऱ्या नळीत तेल खेचले जाते. तिथल्या फटीतून तेल बाहेर ठिबकत नाही, हवाच आत शिरते. म्हणून बाहेरून सारे कोरडे! शिवाय गाडी उभी राहिली की तेल मागे टाकीकडे उतरते. जाळी धुताना जुनी तांब्याची वायसरेच पुन्हा बसवली होती.

दोन नवी वायसरे बसली. हातपंपाने फेस संपून एकसंध धार आली. मग नोझलकडच्या नळ्यांचे नट किंचित सैल करून सेल्फ मारला. तेल आल्यावर नट आवळले. मी कौतुकाने वाकलो, तर मिस्त्री ओरडले, "सर, हात लांब! ही धार कातडीत घुसते."

पुढच्या सेल्फला पांढरा धूर निघाला, इंजिन खोकले आणि धडधडू लागले. मिस्त्रींनी वायसरांचे आणि मजुरीचे मिळून इतके थोडे पैसे सांगितले, की मेहुण्यांनी ते दोनदा विचारले.

पहाटे पाचला आम्ही गुलटेकडीत होतो. लिलाव अजून सुरू व्हायचा होता.